मगरीच्या हृदयातलं भोक

धनाजीराव फडतऱ्यांना कुणी शिपाई म्हटलेलं आजही खपत नाही. पणजोबा बडोद्याच्या फौजेत शिलेदार होते, स्वतःचा घोडा बाळगून चाकरीला राहिलेले. पुढे घोडा गेला, फौजही गेली, आणि चौथ्या पिढीच्या धनाजीच्या वाट्याला आली ती एका कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. दहावीला गणितानं दगा दिला होता, त्यामुळे कागदावरचा हुद्दा काय, तर लॅब अटेंडंट. बाटल्या पुसायच्या, टेबलं मांडायची, तास संपला की ट्रे धुवायचे. पण त्या विभागातल्या कुणालाही विचारा, सदतीस वर्षं तो विभाग चालला तो धनाजीकाकांच्या बोटांवर.

चिरफाड करायची मुभा होती तेव्हाची गोष्ट. प्राध्यापक फळ्यावर सरड्याचं हृदय असं देखणं काढायचे की बघत राहावं. मुलं ट्रेवर वाकायची आणि त्यांना त्या चित्रातलं काही म्हणजे काही सापडायचं नाही. रडकुंडीला आली की हाक यायची, "काका!" मग काका हात पुसत यायचे, दोन टाचण्या इकडच्या तिकडे करायचे, आणि पावट्याच्या दाण्याएवढं ते हृदय समोर उघडं.

"हे बघ," ते सांगायचे, "वर दोन खोल्या, खाली एक. वरच्या उजवीत अंगभर फिरून दमलेलं रक्त येतं. डावीत फुप्फुसातून हवा खाऊन आलेलं ताजं. दोन्ही उतरतात खालच्या एकाच खोलीत. आता म्हणशील, मग झाली की खिचडी! तर तशी होत नाही. खालच्या खोलीत एक अर्धी भिंत आहे, पलीकडे न टेकलेली. तेवढ्या आडोशानं दमलेलं बरंचसं फुप्फुसाकडे जातं, ताजं बरंचसं अंगाकडे. थोडं मिसळतं, मिसळू दे. सरड्याला कुठं ऑफिस गाठायचंय?"

पुस्तकात यालाच ऑरिकल, व्हेंट्रिकल आणि अपूर्ण पडदा म्हणतात. मुलं पेपरात पुस्तकातलं लिहायची, पण डोक्यात राहायच्या त्या काकांच्या खोल्या. काकांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे काय, चांगलंच ठाऊक होतं. विनयाचा आजार त्यांना कधी झाला नाही.

त्यातून त्यांच्या खात्यावर होतं मगरीचं हृदय.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, पुराच्या साली, विश्वामित्री नदीतली एक थोराड मगर रस्त्यावर चढली आणि ट्रकखाली सापडली. बडोद्याला मगरीचं काही नवल नाही. पाणी वाढलं की त्या सोसायटीच्या आवारात येऊन पसरतात, आणि लोक दुधाची पिशवी आणायला दुसऱ्या गेटनं जातात. वनखात्यानं त्या मगरीची तपासणी उरकली आणि तिचं हृदय रीतसर पत्रासकट कॉलेजला दिलं. तेव्हाचे प्राध्यापक राजवाडे सर. त्यांनी बरणी धनाजीच्या हातात ठेवली.

"धनाजी, सगळ्या सरपटणाऱ्यांत मगर निराळी. तिच्या चारही खोल्या पुऱ्या, आपल्यासारख्या. पण तिच्या हृदयात एक भोक असतं. पुस्तकात सगळेच वाचतात, हातानं शोधलेलं फार थोड्यांनी. बघ सापडतं का." एवढं सांगून सर मीटिंगला गेले.

धनाजीनं दोन दुपारी घालवल्या. बोथट टोकाची बारीक सळई घेऊन तो त्या हृदयाच्या खोल्याखोल्यांतून फिरला. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सळई दोन खालच्या खोल्यांमधल्या भिंतीतून आरपार गेली. तो असा ओरडला की शेजारच्या वनस्पतिशास्त्रातले लोक धावत आले. राजवाडे सरांनी चष्मा लावून सळईचं टोक पाहिलं, आणि धनाजीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! याला म्हणतात हात."

दहावी नापास माणसाला तोवर कुणी, कशासाठीही, शाबास म्हटलं नव्हतं. त्यानं शाडूत ते हृदय कलिंगडाएवढं मोठं करून घडवलं, साचा काढला, प्लास्टरमध्ये ओतलं, डब्यासारखं उघडेल असे दोन भाग केले, तांबडा-निळा रंग दिला. ते काचेच्या कपाटात बसलं. पादरा, सावली अशा आसपासच्या गावांतल्या शाळा-कॉलेजांनी त्याच्या प्रती मागून नेल्या, एकूण बेचाळीस. निवृत्तीनंतरही काकांनी शहराबाहेर छाणी गावी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हाच उद्योग मांडला. कुणी आलं की चहाच्या आधी मगरीची गोष्ट व्हायची. येसूबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, ती इतकी पाठ होती की 'याला म्हणतात हात' हे वाक्य स्वयंपाकघरातून त्याच म्हणून टाकत.

तर एका दुपारी त्या पत्र्याच्या खोलीत मृदुला आली. काकांच्या हाताखाली शिकलेली, आता त्याच विभागात शिकवणारी. कॉलेजात काका तिला मृदुलाबेन म्हणत, छाणीत नुसतं मृदुला.

"काका, आमच्याकडे पहिल्या वर्षाला एक मुलगी आलीय. मोहना दिघे, इथंच समा भागात राहते. हुशार आहे. तिला प्राणिशास्त्रच करायचंय."

"मग करू दे की."

"ती जन्मापासून आंधळी आहे."

काकांनी हातातलं काम थांबवून मान वर केली. असं क्वचित व्हायचं.

मृदुलानं सगळं सांगितलं. विभागप्रमुख माणूस वाईट नव्हते, पण त्यांना फाइलीत घालता न येणाऱ्या गोष्टींची फार धास्ती. ही पोरगी प्रॅक्टिकल कसं करणार, नापास झाली तर बोंब कुणाच्या नावानं, आणि पास केली तर बोंब कुणाच्या नावानं? शेवटी त्यांनी एक तोड काढली होती. सत्राच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातल्या एक परीक्षकबाई येणार. त्यांच्यासमोर मोहनानं सरड्याच्या आणि मगरीच्या हृदयात रक्त कसं फिरतं ते मॉडेल हातात घेऊन समजावून द्यायचं. जमलं तर राहील, नाही जमलं तर पुढच्या सत्रापासून दुसरा विषय घ्यायचा, कुरकूर नाही. मोहनानं जागच्या जागी हो म्हटलं होतं. तीन आठवडे हातात होते.

"घेऊन ये तिला," काका म्हणाले. "सरडा चार दिवसांत करून देतो, मगर आठ दिवसांत."

मोहना आईबरोबर रिक्षानं आली. काठी दाराशी टेकवून म्हणाली, "काका, हात लावू का?"

"लाव की. काचेच्या कपाटातलं थोडंच आहे?"

तिनं सरड्याचं मॉडेल दोन्ही हातांत घेतलं आणि बोटं अशी फिरवली की काका बघतच राहिले. घाई नाही, चाचपडणं नाही. मग तिनं विचारलं, "यात ताजं रक्त कुठलं आणि दमलेलं कुठलं?"

"अगं, तांबडं ते ताजं, निळं ते..." काकांनी जीभ चावली.

पोरगी हसली. "सगळ्यांचंच होतं काका असं. माझ्या आजोबांनी मला वाढदिवसाला टॉर्च दिला होता."

त्या दिवशी येसूबाईंच्या डब्यांवर धाड पडली. दमलेल्या रक्ताच्या वाटेवर काकांनी गोंद फासून रवा लावला, खरखरीत. ताज्या रक्ताची वाट घासून काचेसारखी गुळगुळीत केली. आणि जिथं दोन्ही मिसळतात तिथं खसखस.

"सणासुदीची खसखस!" येसूबाई ओरडल्या. "सरड्याला?"

"सरड्याला नाही, विद्येला," काकांनी उत्तर दिलं. येसूबाईंनी कपाळाला हात लावला आणि उरलेली खसखस वरच्या फळीवर ठेवली.

सरडा मोहनानं चार दिवसांत गिळला. उजव्या वरच्या खोलीतून बोट निघायचं ते रव्यावरून खाली, अर्ध्या भिंतीच्या कडेनं, खसखशीला वळसा घालून फुप्फुसाच्या नळीत. पुन्हा गुळगुळीत वाटेनं डाव्या वरच्या खोलीत. "म्हणजे काका, आमच्या सोसायटीच्या ऑफिससारखं. पार्टिशन आहे, पण पलीकडच्या टेबलाची चहाडी इकडे ऐकू येते." काकांना ही पोरगी आवडायला लागली होती. तिच्या आईला, राजेश्वरीबाईंना, ते म्हणालेसुद्धा, "सदतीस वर्षांत असा हात मी एकच पाहिला होता." तो एक कुणाचा, हे राजेश्वरीबाईंनी विचारलं नाही, त्यांना कळलं.

मग मगर आली. काकांनी जुन्या साच्यातूनच ती काढली आणि रवा वगैरे लावून सजवली. खसखस यात नव्हती. समोर बसवून सांगायला लागले.

"चार पुऱ्या खोल्या. डाव्या खालच्या खोलीतून एक मोठी नळी निघते, ताजं रक्त घेऊन डोक्याकडे आणि अंगाकडे. उजव्या खालच्या खोलीतून दोन. एक फुप्फुसाकडे, ते बरोबर. दुसरी मात्र पोटाकडे, ही मगरीची करामत. मगर काठावर ऊन खात पडलीय, निवांत श्वास चाललाय, तेव्हा ताज्या रक्ताचा जोर जास्त. ते भोकातून पलीकडे जातं आणि पोटाकडच्या नळीतही ताजंच वाहतं. आता तिनं बुडी मारली. श्वास बंद. हवाच नाही तर फुप्फुसाकडे रक्त पाठवून काय करायचं? त्या नळीच्या तोंडाशी झडप असते, ती आवळते. मग दमलेलं रक्त पोटाकडच्या नळीनं निघून जातं. असा काटकसरीचा कारभार, म्हणून ती पाण्याखाली तास तास बसते."

मोहनाचं बोट खालच्या भिंतीतल्या भोकावर थांबलं होतं. आत गेलं, पलीकडून निघालं, पुन्हा आलं.

"काका, भोक इथं असतं?"

"इथंच."

"मग भिंत कशाला?"

"म्हणजे?"

"मगरीची भिंत पुरी असं तुम्हीच म्हणालात. भोक भिंतीतच असेल तर ती सरड्यासारखीच झाली की. मग इथं खसखस लागेल." तिचं बोट वर सरकलं. "आणि या दोन नळ्या बघा, अंगाकडची आणि पोटाकडची. बुडाशी एकमेकींना अगदी चिकटून उभ्या आहेत. ताजं रक्त या नळीतून त्या नळीत जायचं तर भोक इथं हवं, यांच्या मधे. इथं तर बंद आहे. मृदुला मॅडमच्या लेक्चरचं माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, त्यातही त्या 'नळ्यांच्या बुडाशी' म्हणतात."

"मॅडमनी पुस्तकातलं सांगितलं. पुस्तक लिहिणाऱ्यानं हात घातला होता का? मी घातलाय."

"पण काका, विचार केला तर..."

"विचार कसला करायचाय त्यात?" काकांचा पारा चढला. "अठ्ठावीस वर्षं हे मॉडेल उभं आहे! मोठमोठे लोक बघून गेले. ज्यांनी जन्मात मगर बघितली नाही त्यांनी मला शिकवू नये!"

बोलून गेले, आणि पत्र्याची खोली एकदम गार पडली. राजेश्वरीबाई उठल्या. मोहनानं मॉडेलचे दोन भाग नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"खरंय काका," ती म्हणाली. "नाही बघितली." आणि काठी घेऊन निघाली.

परीक्षेला सहा दिवस राहिले होते.

येसूबाई दारात उभ्या होत्या, हातात शेव-उसळीच्या दोन बश्या, पाहुण्यांसाठी भरलेल्या. "त्या पोरीला 'बघितलं नाही' म्हणालात? तुमच्या तोंडाला काही दावं-लगाम?"

"ती मला सांगतेय भोक कुठं असतं ते!"

"मग? तिचं अगदीच साव खोटं असतं तर तुम्ही हसून सोडलं असतं. मला नका सांगू तुमचा राग. चाळीस वर्षं बघतेय." बश्या टेबलावर आपटून त्या आत गेल्या. काकांनी उसळीला हात लावला नाही, आणि शेवेचा तर्रीत भिजून चिखल झाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी काका गेटवर हजर. मृदुला आली तशी म्हणाले, "भांडारघराची किल्ली घे." तिनं जाऊन ती आणली.

ती बरणी मागच्या फळीवर होती. नोकरीत असेपर्यंत काकांनी दरवर्षी तिच्यातलं औषधी पाणी बदललं होतं, लेबल नवं केलं होतं, पण हृदय बाहेर म्हणून काढलं नव्हतं. काढायचं कशाला, सगळं तर माहीत होतं! आता त्यांनी हातमोजे चढवले, हृदय नळाखाली धुतलं आणि खिडकीशी घेऊन बसले. डोळ्यांना तेच दिसलं जे अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिसलं होतं, भिंतीतलं भोक. क्षणभर त्यांना हायसं वाटलं.

मग त्यांनी डोळे मिटले. सळई घेतली, डाव्या खालच्या खोलीतून वर, अंगाकडच्या नळीच्या बुडाशी गेले. तिथं त्या नळीच्या झडपेचा पातळ पापुद्रा. त्या वेळी इथंच सळई अडली होती, आठवलं त्यांना, आणि तरण्या धनाजीनं 'इथं काही नाही' म्हणून तिला खाली वळवून जोर दिला होता. आज त्यांनी जोर दिला नाही. पापुद्र्याच्या मागून सळई नुसती सोडली. ती आपली आपण सरकली आणि पोटाकडच्या नळीतून बाहेर आली. जरा म्हणून अडली नाही.

धनाजीरावांनी डोळे उघडले. खालच्या भिंतीतलं भोक त्यांनी भिंगाखाली धरलं. एका बाजूनं आत दबलेलं, दुसऱ्या बाजूनं फाटलेलं, कडांना चिंध्या. खऱ्या भोकाची कड कशी असते ते आत्ताच बोटाला कळलं होतं, गोल आणि मऊ. हे भोक मगरीचं नव्हतंच. हे धनाजी फडतऱ्यानं पाडलेलं होतं, आणि त्याचीच त्यानं शाबासकी घेतली होती.

माणसाला किती लाज वाटावी याला काही माप आहे का? ते सळई हातात धरून खिडकीशी बसून राहिले.

"काका," मृदुला हळूच म्हणाली, "पुस्तक आणि मॉडेल जुळत नाही, हे मला बी.एस्सी.ला असतानाच दिसलं होतं. पण म्हटलं, काकांनी केलंय म्हणजे..."

"म्हणजे काय? अगं, विचारायचं नाही का?"

"तुम्ही विचारू दिलं असतं?"

नसतंच दिलं. कालच त्याचा पुरावा झाला होता. अठ्ठावीस वर्षांच्या तुकड्यांच्या तुकड्या, डोळस, चष्मेवाल्या, त्या कपाटासमोरून मुकाट्यानं गेल्या, आणि अडली ती एकटी.

संध्याकाळी ते समाला दिघ्यांकडे गेले. राजेश्वरीबाईंनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. ते बरोबरच होतं. मोहना समोर बसली.

"पोरी, तुझं खरं निघालं," धनाजीराव म्हणाले. "भोक नळ्यांच्या मधेच आहे. भिंतीतलं मी पाडलेलं. आणि काल जे बोललो ते त्याहून वाईट. मला माफ कर. नाही केलीस तरी नवं मॉडेल तीन दिवसांत तुझ्या हातात देतो."

मोहनानं खुर्ची पुढे ओढली. मग तिनं विचारलं, "खऱ्या भोकाची कड कशी आहे?"

"मऊ. गोल."

"मॉडेलमधे तशी येईल?"

"न येऊन सांगते कुणाला," काका म्हणाले, आणि आतून कुठंतरी भांड्यात चहाचं पाणी पडल्याचा आवाज आला.

नवी मगर तिसऱ्या दिवशी तयार झाली. खालची भिंत सलग, नळ्यांच्या बुडाशी भोक, त्यापुढे मेणकापडाची झडप. मोहना दोन दिवस तिच्यावरच बसली. बुडी मारलेली मगर आणि काठावरची मगर तिच्या बोटांतून अशी फिरायला लागली की येसूबाईसुद्धा पोळ्या सोडून ऐकायला आल्या.

परीक्षेच्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून, नवं मॉडेल उराशी धरून कॉलेजात गेले. दारातच विभागप्रमुखांनी अडवलं.

"काका, हे नाही चालायचं. खास तिच्यासाठी केलेल्या मॉडेलवर तिला पास केलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. परीक्षा विभागाच्या मॉडेलवर होईल. काचेच्या कपाटातल्या. तेच आपलं प्रमाण, तुमचंच तर आहे!"

मृदुला काही बोलायला गेली, पण आतून परीक्षकबाईंनी सुरू करा म्हटलं. साहेबांसमोर चूक कबूल करायचा धीर काकांना झाला नाही, ते बाहेर बाकावर बसले. मॉडेल मांडीवर. दार अर्धं उघडं होतं, तेवढ्यातून त्यांना मोहनाची पाठ दिसत होती, आणि टेबलापलीकडे परीक्षक, अहल्याबेन, करड्या केसांच्या.

सरड्याला मोहना कुठंच अडली नाही. विभागाच्या गुळगुळीत, रंगवलेल्या मॉडेलवर रवा नव्हता की खसखस, तरी तिनं एकेक वाट तोंडानं सांगत बरोबर गाठली. "सरस!" अहल्याबेन गुजरातीत म्हणाल्या. "हवे मगर. आता मगर."

मोहनानं कपाटातली मगर उघडली. खोल्या सांगितल्या, नळ्या सांगितल्या. मग तिचं बोट खालच्या भिंतीवर आलं आणि त्या भोकाशी थांबलं.

"इथं..." ती म्हणाली. "इथं एक भोक आहे."

"बरं. पुढे?"

मोहना गप्प.

"त्यातून काय होतं, बेटा?"

ती गप्पच. विभागप्रमुखांनी खुर्चीत मागे टेकून मृदुलाकडे पाहिलं, मी म्हटलं नव्हतं का, असं. बाहेर धनाजीराव बाकाच्या कडेला सरकले. विसरली? छे! कालपर्यंत झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होती. मग पोरगी बोलत का नाही? मोहनानं तोंड किंचित दाराकडे वळवलं, जिथं काका बसलेत हे तिला माहीत होतं, आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. भोक खरं आहे म्हणावं तर ते खोटं. खोटं म्हणावं तर साऱ्या विभागासमोर धनाजी फडतऱ्याची अब्रू जाते. दोन्ही तिला नको होतं, म्हणून ती आपला विषय गमावून बसायला निघाली होती, त्यांच्यापायी.

काका उठले. मॉडेल बाकावर राहिलं. दार ढकलून ते थेट टेबलाशी गेले.

"काका, परीक्षा चालू आहे!" विभागप्रमुख उभे राहिले.

"साहेब, ते भोक मगरीचं नाही. मी पाडलंय. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, सळईनं. मॉडेल चुकलंय, ही चुकली नाही." मग मोहनाकडे वळून, "बोल पोरी. माझी भीड धरू नकोस. तुला येतंय ते सांगून मोकळी हो."

विभागप्रमुखांना काय करावं कळेना. अहल्याबेननी मात्र हात वर करून त्यांना बसवलं. "बोलू दे तिला."

मोहना बोलली. सुरुवातीला हळू, पण नळ्यांच्या बुडाशी आली तोवर आवाज पक्का झाला. भिंत पुरी का हवी, भोक कुठं हवं, झडप आवळली की दमलेलं रक्त कुठं वळतं, मगर वर आली की काय होतं, सगळं. मृदुलानं न सांगता भांडारघरातून बरणी आणली. अहल्याबेननी हातमोजे घालून सळई स्वतः घेतली, झडपेच्या मागून सोडली, आणि ती पलीकडून निघाली तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. "वीस वर्षं हे शिकवते आहे मी. माझ्या कॉलेजातही यांचंच मॉडेल आहे, आणि मी भिंतीतलं भोक दाखवून पुस्तकातलं वाचत आले!"

त्यांनी गुणपत्रिका ओढली, आकडा लिहिला आणि ती विभागप्रमुखांच्या पुढे सरकवली. "हिला प्राणिशास्त्रातून काढायचं कारण काय, ते मला लिहून द्याल का? मी त्यावर सही करते."

विभागप्रमुखांनी गुणपत्रिका पाहिली, बरणीकडे पाहिलं, आणि निमूटपणे पेन उघडून मोहनाच्या अर्जावर 'पुढे चालू' असं लिहिलं. राजेश्वरीबाई व्हरांड्यात होत्या. मृदुलानं बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, आणि त्या भिंतीला टेकून रडल्या.

आत धनाजीराव त्या जुन्या मॉडेलसमोर उभे होते. लाज होतीच, ती काही एका दिवसात जात नाही. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, आणि पोरगी राहिली याचा आनंद इतका होता की लाजेला बसायला जागा उरली नव्हती.

"बेचाळीस ठिकाणी जावं लागेल," ते म्हणाले. "भिंतीतलं बुजवायचं आणि वरचं पाडायचं. सुरुवात इथूनच करतो. मोहना, नेमकं कुठं ते दाखव."

मोहनानं दोन नळ्यांच्या मधे अंगठा दाबला.

"हलवू नकोस," काका म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून त्यांनी तिच्या अंगठ्याभोवती गोल काढला.